सिंगरेणीचा कोळसा आणि लंडनचे समभाग

भूगर्भातील संपत्ती ही कोणा एका पिढीची कमाई नसते. शेतातील पीक दरवर्षी येते, जंगलही तोडल्यावर पुन्हा उगवू शकते. पण जमिनीखालून एकदा काढलेला कोळसा वा लोखंडाचा दगड पुन्हा निर्माण होत नाही. म्हणूनच खाणीचा करार हा इतर व्यापारी करारांसारखा मानता येत नाही. शासनाच्या वतीने त्यावर स्वाक्षरी करणारा मनुष्य मालक नसतो, तो विश्वस्त असतो. विश्वस्तच दुसऱ्या पक्षाचा छुपा भागीदार झाला तर काय होते, याचा एक बोलका दाखला निजामाच्या हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडला. आजच्या मराठवाड्याचा प्रदेश त्या काळी याच संस्थानात होता. तेथील शेतकऱ्याने हाली सिक्का रुपयांत भरलेला सारा ज्या खजिन्यात जमा होत असे, त्याच खजिन्यातून लंडनच्या बाजारातील या समभागांची किंमत चुकती झाली. मराठी माणसाने हे प्रकरण नीट समजून घ्यावे, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

चांदा रेल्वेचा प्रश्न

या कथेचा आरंभ खाणीपासून होत नाही, रेल्वेपासून होतो. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे डॉ. विल्यम किंग यांना 1870 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तेलंगणातील येल्लंदूच्या परिसरात कोळशाचे थर आढळले. सिंगरेणी या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले हेच ते क्षेत्र. चंद्रपूर-वणीचा कोळसा ज्या प्राचीन गोंडवन खडकांत सापडतो, त्याच खडकांच्या पट्ट्यात गोदावरीच्या खोऱ्यातील हा कोळसाही आहे. परंतु कोळसा सापडणे आणि तो बाजारात पोहोचणे यांत मोठे अंतर असते. रेल्वे नसेल तर खाणीला किंमत नाही.

रेल्वेसाठी भांडवल हवे होते. ते लंडनमध्ये उभारायचे आणि त्यावरील व्याजाची हमी निजाम सरकारने द्यायची, अशी योजना 1883 मध्ये पुढे आली. वीस वर्षे पाच टक्के व्याजाची ही हमी होती. वाहतुकीचे उत्पन्न कमी पडले तर तूट संस्थानच्या खजिन्याने भरायची होती. मार्ग हैदराबादहून वरंगळकडे, तेथून एक फाटा बेझवाड्याला आणि दुसरा चांद्याला जायचा होता. म्हणून लोकांच्या तोंडी ही योजना ‘चांदा रेल्वे’ याच नावाने रुळली.

याच वर्षी फेब्रुवारीत संस्थानचे कर्तबगार दिवाण पहिले सालारजंग यांचे निधन झाले. सहावे निजाम मीर महबूब अली खान तेव्हा अल्पवयीन होते. अशा वेळी एवढे मोठे आर्थिक ओझे संस्थानावर टाकले जात असताना करारातील अटी प्रसिद्ध कराव्यात, लोकांना त्यांवर विचार करू द्यावा, अशी मागणी हैदराबादेतील काही सुशिक्षित नागरिकांनी केली. त्यांत अग्रभागी होते डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडू यांचे वडील. एडिंबरा विद्यापीठाची विज्ञानातील डॉक्टरेट मिळवून आलेला आणि हैदराबादच्या उच्च शिक्षणाचा पाया घालणारा हा विद्वान. मुल्ला अब्दुल कय्यूम हेही या चळवळीत त्यांच्यासोबत होते. प्रश्न हिंदूंचा वा मुसलमानांचा नव्हता. तो संस्थानच्या प्रजेच्या पैशाचा होता, आणि दोन्ही समाजांतील शहाणी माणसे तो एकत्रितपणे विचारीत होती.

या प्रश्नाला मिळालेले उत्तर मात्र विलक्षण होते. डॉ. अघोरनाथांना नोकरीवरून दूर करून मे 1883 मध्ये संस्थानाबाहेर घालवण्यात आले. काही काळाने त्यांना परत येऊ दिले गेले हे खरे. पण करारावर प्रश्न विचारणाऱ्याची गत काय होते, हे सर्वांना कळून चुकले होते. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही घटना विसरून चालणार नाही.

करार कोणाचा, कोणाशी?

रेल्वेच्या वाटाघाटींसाठी लंडनला गेलेल्या अधिकाऱ्यांत प्रमुख होते अब्दुल हक. सरदार दिलेर जंग हा त्यांचा किताब. संस्थानच्या गृहखात्याचे ते सचिव होते आणि रेल्वे व खाणींचे व्यवहारही त्यांच्याच हाती होते. लंडनमधील धनकोंशी त्यांची ओळख झाली ती या निमित्ताने. 1884 मध्ये तरुण निजामांना राज्याधिकार मिळाले आणि दुसरे सालारजंग दिवाण झाले. दोघेही वयाने लहान, आणि लंडनच्या भांडवल-बाजाराचा अनुभव दोघांनाही नव्हता. या बाबतीत सारी भिस्त अब्दुल हक यांच्यावर राहिली.

1886 मध्ये विल्यम क्लॅरेन्स वॉटसन आणि जॉन स्ट्युअर्ट या दोन इंग्रज गृहस्थांना संस्थानातील खनिजांचा मक्ता देण्यात आला. खनिजांच्या शोधाचा अनन्य अधिकार आणि त्यापुढे 99 वर्षांचे खाणपट्टे, असे त्याचे स्वरूप होते. तीन पिढ्यांची खनिजे एका कागदावर बांधली गेली! संस्थानाला असा करार स्वतःच्या मर्जीने करता येत नसे. ब्रिटिश सरकारची संमती लागे, आणि ती मिळाली. म्हणजे ज्या सार्वभौम सत्तेने संस्थानिकांचे ‘संरक्षण’ करण्याचे वचन दिले होते, तिच्या डोळ्यांखालून हा कागद गेला होता.

मक्तेदारांनी मग लंडनमध्ये ‘हैदराबाद (डेक्कन) कंपनी’ स्थापन केली. तिचे नाममात्र भांडवल दहा लाख पौंड होते, म्हणजे प्रत्येकी दहा पौंडांचे एक लाख समभाग. यांपैकी 85,000 समभाग पूर्ण भरणा झालेले असे दाखवून मक्तेदारांनी आपल्याकडे घेतले. त्यांनी त्यासाठी रोख रक्कम भरली नाही. हाती असलेला मक्ता कंपनीच्या स्वाधीन केला, हाच त्यांचा मोबदला मानला गेला. उरलेले 15,000 समभाग पैसे घेऊन दिले गेले, आणि त्यांवरही प्रत्येकी पाच पौंडच भरले गेले.

वाचकांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. प्रत्यक्ष खाण खोदण्यासाठी, यंत्रे आणण्यासाठी, मजुरी देण्यासाठी कंपनीच्या हाती आले 75,000 पौंड. आणि केवळ एका स्वाक्षरीची किंमत म्हणून मक्तेदारांच्या पेटीत गेले 8,50,000 पौंड दर्शनी मूल्याचे समभाग. येल्लंदूच्या जमिनीत अद्याप नीट कुदळही पडली नव्हती, तोवर तिच्या पोटातील कोळसा लंडनमध्ये विकून झाला होता.

विक्रेता आणि खरेदीदार एकच

एवढ्यावर थांबले असते तरी हा व्यवहार संस्थानाला महाग पडलेला करार म्हणून इतिहासात जमा झाला असता. असे करार त्या काळी अनेक झाले. परंतु प्रकरण येथे संपत नाही.

राज्याच्या खनिजावर चालणाऱ्या कंपनीत राज्याचाही वाटा असावा, हा विचार वरकरणी सुज्ञपणाचाच दिसतो. त्यानुसार निजाम सरकारने कंपनीचे समभाग विकत घेण्याचे ठरवले आणि खरेदीचे काम सोपवले अब्दुल हक यांच्याकडे. दहा पौंडांचा समभाग बारा पौंडांनी, अशा भावाने हजारो समभाग संस्थानासाठी घेतले गेले. ही खरेदी लंडनच्या खुल्या बाजारातून झाली, असेच हैदराबादेत समजले जात होते.

वस्तुस्थिती निराळी होती. अब्दुल हक हे मक्तेदारांचे छुपे भागीदार होते. मक्त्याच्या मोबदल्यात मिळालेल्या त्या 85,000 समभागांत त्यांचा हिस्सा होता. तोच माल त्यांनी आपल्याच सरकारच्या गळ्यात बांधला. ज्या समभागासाठी एक शिलिंगही रोख भरली गेलेली नव्हती, त्याला संस्थानच्या खजिन्याने दर्शनी किमतीहून दोन पौंड अधिक मोजले. सरकारच्या वतीने घासाघीस करणारा आणि सरकारला माल विकणारा, या दोन्ही खुर्च्यांवर एकच मनुष्य बसलेला होता. आपल्याच जमिनीतील आपलेच खनिज प्रथम फुकटात द्यायचे आणि मग त्याचा एक तुकडा चढ्या भावाने परत विकत घ्यायचा, असा हा सौदा!

चौकशी झाली, पुढे काय?

1888 मध्ये या भागीदारीचा बोभाटा झाला. अब्दुल हक यांना पदावरून दूर करण्यात आले. लंडनमध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने निवड समिती नेमली. निजाम सरकारची बाजू मांडण्यासाठी मेहदी हसन, म्हणजेच फतेह नवाज जंग, यांना तेथे पाठवण्यात आले. साक्षी झाल्या, कागदपत्रे पुढे आली, समभागांची वाटणी कशी झाली ते उघड झाले. इंग्लंडच्या वृत्तपत्रांना काही काळ चघळायला विषय मिळाला.

आणि करार? तो मोडला नाही. कंपनी कायम राहिली, तिचे हक्क कायम राहिले. 1889 मध्ये येल्लंदूला कोळशाचे उत्पादन सुरू झाले, आणि पुढची तीन दशके सिंगरेणीच्या खाणी त्याच कंपनीकडे होत्या. एका अधिकाऱ्याची अप्रतिष्ठा झाली. पण ज्या कागदाच्या बळावर हे सारे घडले, त्याला धक्का लागला नाही. पारतंत्र्यातील न्यायाची मर्यादा येथे स्पष्ट दिसते. फसवला गेलेला पक्ष हैदराबादेत होता, चौकशी करणारे लंडनमध्ये होते आणि लाभ घेणारेही लंडनमध्येच होते. ज्यांनी कराराला संमती दिली त्या ब्रिटिश सत्तेला, ती देताना डोळे कोठे होते, हे विचारण्याचे बळ संस्थानापाशी नव्हते. ज्या प्रजेचा पैसा गेला, तिला तर कोणी विचारलेही नाही.

काही जण म्हणतात की अब्दुल हक हा एक लोभी मनुष्य होता आणि दोष त्याचाच. हे अर्धसत्य आहे. लोभी माणसे प्रत्येक राज्यात, प्रत्येक समाजात आणि प्रत्येक काळात असतात. राज्यव्यवस्थेची परीक्षा होते ती त्यांना आवर घालण्यात. 1883 मध्ये डॉ. अघोरनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी मागणी केली होती, ती हाच आवर घालणारी होती. अटी प्रसिद्ध करा, लोकांना पाहू द्या. ती मागणी मान्य करून तशी प्रथा पाडली असती, तर तीन वर्षांनी खाणीचा करारही लोकांसमोर आला असता. मक्तेदारांत कोणाकोणाचा वाटा आहे, 85,000 समभाग कशासाठी दिले जात आहेत, बारा पौंडांनी घेतलेला माल मूळ कोणाचा आहे, हे विचारणारे कोणीतरी भेटले असते. पण प्रश्न विचारणारे हद्दपार झाले होते. चौकीदाराला घराबाहेर काढल्यावर चोराला कडी वाजवावी लागत नाही.

परके भांडवल की बंद दार?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिक असल्याने त्याला उत्तर दिले पाहिजे. त्या काळी हिंदुस्थानात एवढे भांडवल होते कोठे? लंडनचा पैसा आला नसता तर ना रेल्वे झाली असती, ना खाण. सिंगरेणीचा कोळसा खोटा नव्हता. तो निघाला, दक्षिणेतील आगगाड्या त्यावर धावल्या, हजारो हातांना काम मिळाले. मग तक्रार कशाची?

तक्रार भांडवल परके होते याची नाही. ते किती आणि कोणत्या अटीवर आले, याची आहे. वर सांगितलेला हिशेब पुन्हा पाहिला तर दिसते की खाणीसाठी लंडनहून रोख आले ते अवघे 75,000 पौंड. 99 वर्षांच्या मक्त्याच्या बदल्यात एवढी रक्कम ही काही कुबेराची कृपा म्हणता येणार नाही. उलट निजाम सरकारने बारा पौंडांच्या भावाने जे मोजले, त्याचा ओघ हैदराबादेकडून लंडनकडे होता!

देशात भांडवल होते की नाही, याचे उत्तर अवघ्या वीस-एकवीस वर्षांनी मिळाले. टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी प्रथम लंडनच्या बाजारात प्रयत्न झाला. तेथील धनकोंनी विश्वास दाखवला नाही. तेव्हा 1907 च्या ऑगस्टमध्ये देशवासीयांनाच आवाहन करण्यात आले. बंगालच्या फाळणीनंतरच्या स्वदेशी चळवळीने वातावरण भारलेले होते. मुंबईत कंपनीच्या कचेरीपुढे लोकांची रीघ लागली. सुमारे 8,000 भारतीयांनी तीन आठवड्यांच्या आत 16 लाख पौंडांहून अधिक भांडवल उभे केले. त्यात संस्थानिक होते, सराफ होते आणि आपली तुटपुंजी शिल्लक घेऊन आलेली मध्यमवर्गीय माणसेही होती.

दोन घटनांमधील अंतर दोन दशकांचे आहे. पण खरा फरक काळाचा नाही. एका ठिकाणी अटी दडवून ठेवल्या होत्या, दुसऱ्या ठिकाणी माहितीपत्रक सर्वांपुढे होते. जे उघड्यावर मांडले गेले त्याच्यावर सामान्य माणसाने विश्वास ठेवला. विश्वास हेही भांडवलच असते, आणि हैदराबादच्या व्यवहारात नेमके तेच बुडाले.

खाणीचे पुढे काय झाले

सिंगरेणीची कथा सुदैवाने येथे संपत नाही. 23 डिसेंबर 1920 रोजी हैदराबाद संस्थानच्या कायद्याखाली ‘सिंगरेणी कोलियरीज कंपनी’ नोंदली गेली आणि तिने लंडनच्या कंपनीची मालमत्ता आणि देणी ताब्यात घेतली. 1945 मध्ये संस्थानाने तिचे बहुसंख्य समभाग विकत घेतले. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद मुक्त होऊन भारतात विलीन झाले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर कंपनीचे नियंत्रण आंध्र प्रदेशकडे गेले. आता तेलंगण राज्याचे 51 टक्के आणि केंद्राचे 49 टक्के भागभांडवल असलेला हा सार्वजनिक उद्योग आहे. जे 1886 मध्ये एका स्वाक्षरीने गेले, ते जनतेच्या हाती परत यायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला. तोही पुन्हा पैसे मोजून.

मालकी स्वदेशी झाली म्हणजे धोका टळला, असे मात्र समजता येत नाही. परकीयांचे राज्य गेले, पण बंद दाराआडची वाटणी गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये कोळसा क्षेत्रांच्या वाटपाची छाननी केली तेव्हा 1993 पासूनची वाटपे मनमानी आणि बेकायदेशीर ठरली आणि 218 पैकी 214 रद्द झाली. त्यानंतर 2015 मध्ये लिलावाचा कायदेशीर मार्ग निश्चित झाला. गोव्यात पोर्तुगीज राजवटीने मुदतीचे बंधन न घालता खाणींच्या सनदा दिल्या होत्या. त्या रद्द करून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा 1987 मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळाने झाला. पुढे 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, आणि लिलावाची पद्धत तेथेही त्यानंतरच आली. प्रत्येक वेळी न्यायालयाला हात घालावा लागला. आणि खाणी थांबल्या तेव्हा त्यावर पोट असलेल्या ट्रकवाल्यांनी, बार्जवाल्यांनी आणि कामगारांनी त्याची किंमत मोजली. कागद लिहिणारे निराळे आणि भोगणारे निराळे, ही 1886 ची रीत पुरती बदललेली नाही.

नागरिकाचे कर्तव्य

मग सामान्य कार्यकर्त्याने, घरसंसार सांभाळणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाने यात करायचे काय? 1883 मधील हैदराबादच्या नागरिकांनी जे केले, तेच. प्रश्न विचारायचा. त्यांच्याजवळ मताधिकार नव्हता, माहितीचा अधिकार नव्हता. मुखाने विचारलेल्या प्रश्नासाठी हद्दपारी होती. स्वतंत्र भारतात 2005 पासून माहितीचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली, आणि खाणपट्टेधारकांच्या पैशाचा एक वाटा खाणबाधित गावांसाठी त्यांच्याकडे जमा होतो. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील किती सुशिक्षितांनी आपल्या जिल्ह्याच्या प्रतिष्ठानचा हिशेब एकदा तरी मागवून वाचला असेल? पैसा कोणत्या गावात गेला, पाण्याच्या योजनेला किती आणि इमारतीच्या रंगरंगोटीला किती, हे पाहणारा डोळा गावात असला पाहिजे. क्रिकेटच्या धावसंख्येवर तासन् तास चर्चा करणाऱ्या समाजाला हे काम जड जाऊ नये.

राष्ट्राच्या संपत्तीचे रक्षण सीमेवर होते, तसेच ते करारपत्राच्या शेवटच्या पानावरही होते. अब्दुल हक यांना जाब विचारणारे कोणी घरात उरले नव्हते, म्हणून हैदराबादचा प्रश्न लंडनच्या समितीपुढे न्यावा लागला. आपल्या जिल्ह्यातील खाणीचा कागद आपण वाचला नाही, तर तोही कधीतरी दुसऱ्या कोणाला वाचावा लागेल. तोवर कोळसा संपलेला असेल.